कॅन्टन फेअर ते यांतियान बंदर: पुरवठादार तपासण्याचा प्रवास, दिवसागणिक

परदेशातून माल मागवताना होणारी फसवणूक बहुतेक वेळा नावांच्या फरकात लपलेली असते. कारखाना एका नावाचा, करार दुसऱ्या नावाने आणि बँक खातं तिसऱ्याच कुणाचं. ग्वांगझूचं ‘कॅन्टन फेअर’ हे व्यापारी प्रदर्शन, गुझेनची दिव्यांची बाजारपेठ, हाँगकाँग आणि शेवटी शेन्झेनचं यांतियान बंदर असा हा दक्षिण चीनमधला मार्ग त्या नावांचा माग काढतच पुढे जातो. उदाहरणासाठी माल घेतला आहे १२ वॅटचे गोल एलईडी पॅनल दिवे, २०,००० नग, म्हणजे साधारण एक वीस फुटी कंटेनर. माल वेगळा असला तर चाचण्या बदलतील, तपासण्याचा क्रम बदलत नाही.

दिवस पहिला: ग्वांगझू, पाझू बेट

कॅन्टन फेअर १९५७ पासून वर्षातून दोनदा भरतं, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. प्रत्येक वेळी तीन टप्पे असतात आणि दोन टप्प्यांच्या मध्ये सगळे हॉल रिकामे होऊन नव्या मालाने भरतात. दिवे, इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रं पहिल्या टप्प्यात असतात. तिकीट काढण्याआधी टप्पा पाहिला नाही तर आपला माल मांडलेला एकही स्टॉल सापडत नाही. मेट्रोच्या ८ क्रमांकाच्या मार्गावर थेट प्रदर्शनापाशी उतरता येतं. दाराबाहेर आणि आसपासच्या हॉटेलांत पत्रकं वाटणारे भेटतात, त्यांचा प्रदर्शनाशी संबंध असेलच असं नाही.

स्टॉलवर भाव विचारण्याआधी नाव पाहायचं. स्टॉलच्या पाटीवर आयोजकांनी लावलेलं नाव, कॅटलॉगवरचं नाव आणि व्हिजिटिंग कार्डावरचं नाव ही तिन्ही जुळतात का? पाटी एकाची आणि माणसं दुसऱ्याची असं दिसलं, तर जागा पोटभाड्याने घेतलेली असण्याची शक्यता असते. इंग्रजी नावावर विसंबू नये. चिनी कंपनीचं कायदेशीर नाव फक्त चिनी लिपीतलं असतं आणि तेच एक नाव नोंदवलेलं असतं. इंग्रजी नाव कंपनी स्वतः ठरवते, उद्या बदलूही शकते.

म्हणून प्रत्येक गंभीर पुरवठादाराकडे एकच मागणी करायची: व्यवसाय परवान्याचा फोटो, जागच्या जागी. खऱ्या कंपनीला हे अवघड नसतं, विक्रेत्याच्या मोबाइलमध्ये तो असतोच. ‘नंतर ईमेल करतो’ असं उत्तर आलं, तर त्या कार्डावर खूण करून ठेवावी. विक्रेत्याचा मोबाइल क्रमांक आणि वीचॅट (चिनी चॅट अ‍ॅप) तिथेच, समोरासमोर जोडून घ्यावं. हाताने मिळालेल्या या क्रमांकाचा उपयोग पुढे पैसे पाठवताना होणार आहे.

दुभाषी स्वतः ठरवावा आणि त्याला रोजच्या हिशेबाने पैसे द्यावेत. पुरवठादाराने दिलेला दुभाषी पुरवठादाराचाच असतो. आपण ठेवलेला दुभाषीही कारखाना निवडायला लागला, तर कारखान्याकडून कमिशन घेण्याची वाट मोकळी होते. त्याने भाषांतर करावं, निवड आपण करावी.

दिवस दुसरा: परवान्यातली १८ चिन्हं

सकाळ हॉटेलात काढावी लागते आणि ती वाया जात नाही. चिनी परवान्यावर १८ अंक-अक्षरांचा एकत्रित सामाजिक पत क्रमांक असतो, २०१५ पासून हीच पद्धत आहे. सुरुवातीला ९१ असेल तर ती कंपनी आहे, ९२ असेल तर एका माणसाचा छोटा धंदा. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सहा अंक नोंदणीच्या ठिकाणाचे: ४४ म्हणजे ग्वांगडोंग प्रांत, ४४०३ म्हणजे शेन्झेन, ३३ म्हणजे झेजियांग. शेवटचं चिन्ह पडताळणीचं असतं, त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक बहुधा तिथेच अडकतो. ‘आमचा कारखाना पंधरा वर्षं याच गावात आहे’ म्हणणाऱ्याचा क्रमांक दुसऱ्याच प्रांताचा निघाला, तर खुलासा मागायलाच हवा.

हा क्रमांक राष्ट्रीय एंटरप्राइज क्रेडिट माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकायचा. चीनबाहेरून ते अनेकदा उघडत नाही, म्हणून हे काम चीनमध्ये असतानाच उरकावं. परवान्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून समाधान मानू नये, बनावट परवान्यावर हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानाचा कोड टाकता येतो. पत्ता स्वतः टाइप करावा.

तिथे काय वाचायचं? कंपनी चालू आहे की बंद, आणि स्थापना कधीची. व्यवसायाच्या वर्णनात ‘शेंगचान’, ‘झिझाओ’, ‘जियागोंग’ म्हणजे उत्पादन, निर्मिती, प्रक्रिया यांपैकी काही आहे, की फक्त ‘शियाओशोउ’ आणि ‘माओयी’, म्हणजे विक्री आणि व्यापार. भाषांतराचं अ‍ॅप एवढं नीट सांगतं. ‘असामान्य कामकाज’ यादीत नाव आहे का, हेही पाहायचं. नोंदलेल्या पत्त्यावर कंपनी सापडली नाही किंवा वार्षिक अहवाल भरला नाही की नाव या यादीत जातं. अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत भरायचा असतो. त्यात पुष्कळदा सामाजिक विमा भरलेल्या कामगारांची संख्या दिलेली असते. तीनशे कामगार सांगणाऱ्या कंपनीने सहा जणांचा विमा भरला असेल, तर कारखाना तिचा नाही, किंवा ज्या कंपनीचा परवाना दाखवला तिचा तरी नाही.

नोंदणीकृत भांडवलाच्या आकड्याने भारावून जाऊ नये. २०१४ नंतर हे भांडवल फक्त कबूल करून कंपनी काढता येऊ लागली, प्रत्यक्ष भरायची सक्ती नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कंपनी कायद्याने ते पाच वर्षांत भरायचं बंधन आणलं. पाहायचं ते भरलेलं भांडवल.

एक गोष्ट स्पष्ट असावी. व्यापारी कंपनी असणं म्हणजे लबाडी नव्हे. लहान मागणीसाठी चांगला व्यापारी कारखान्यापेक्षा सोयीचा पडतो. पण व्यापारी असून कारखाना असल्याचं सांगणारा माल कुठे बनतो हे लपवतो, आणि जे लपलं आहे ते तपासता येत नाही.

ऑनलाइन बाजारपेठांवरच्या ‘गोल्ड सप्लायर’सारख्या बिल्ल्यांबद्दलही इथेच सांगायला हवं. ते पैसे भरून घेतलेलं सभासदत्व असतं, मालाच्या दर्जाची हमी नसते. प्रमाणपत्रांचंही तसंच. बहुतेक दिव्यांवरचा सीई शिक्का (माल युरोपीय नियमांत बसतो असं सांगणारा) उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. चाचणी अहवाल मिळाला की त्यावरचा क्रमांक प्रयोगशाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तपासावा. तिथे तो सापडला, तरी अर्जदाराचं नाव आणि मॉडेल क्रमांक आपल्या पुरवठादाराचेच आहेत ना हे वाचावं. खरा अहवाल दुसऱ्या कंपनीचा असणं ही जुनी चलाखी आहे.

दुपारी ग्वांगझू साउथ स्थानकावरून इंटरसिटी गाडीने गुझेन. झोंगशानमधलं हे गाव दिव्यांच्या धंद्यावरच उभं आहे. रस्तेच्या रस्ते झुंबरं, पट्ट्या, पॅनल, ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) आणि सुट्या भागांच्या दुकानांचे. संध्याकाळ सुट्या भागांच्या दुकानांत घालवावी. एलईडी चिप, ॲल्युमिनियमचा सांगाडा, ड्रायव्हर, डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारं आवरण) आणि खोका यांचे भाव लिहून घेतले की दिव्याचा किमान खर्च हाती येतो. त्याच्या खाली कुणी भाव देत असेल, तर कशात तरी काटछाट होणार हे आधीच कळतं.

दिवस तिसरा: कारखाना

भेटीची वेळ ठरवावी, पण पत्ता परवान्यावरचा घ्यावा. स्थानकावरून त्यांच्या गाडीत बसण्याआधी तो पत्ता नकाशावर लावून ठेवावा आणि गाडी तिकडेच जाते का पाहावं. उत्पादनाची जागा वेगळी असू शकते, पण मग तिचा भाडेकरार किंवा शाखेची नोंद दाखवता यायला हवी. मूळ परवाना कार्यालयात दिसेल अशा जागी लावायचा नियम आहे. भिंतीवरचं नाव, फाटकावरचं नाव आणि काल संकेतस्थळावर तपासलेलं नाव, तिन्ही एकच हवीत.

आत गेल्यावर शोरूममध्ये चहाला फार वेळ देऊ नये. आधी कच्च्या मालाचं कोठार. आपल्या मालात लागणारे चिपचे रीळ आहेत का, आवक नोंदवही भरलेली आहे का? मग चिप बसवणारी मशिन, सोल्डरिंग, जुळणी, आणि दिवे काही तास सलग पेटते ठेवायचा रॅक. हा रॅक रिकामा आणि धुळीने भरलेला असेल, तर कारखाना ती चाचणी करतच नाही. खोक्यांवर कुणाकुणाची नावं छापली आहेत तेही पाहावं. एखाद्या कामगाराला दुभाष्यामार्फत साधा प्रश्न विचारावा: कंपनीचं नाव काय, इथे किती दिवस? उसना घेतलेला कारखाना इथे उघडा पडतो.

नमुना आणि माल यांत फरक कुठे पडतो हे दिव्याच्या बाबतीत नेमकं सांगता येतं. पहिली जागा वॅटची. १२ वॅट छापून ड्रायव्हर ८ वॅटचाच करंट देतो, आणि फरक नुसत्या डोळ्याला सहज कळत नाही. प्लगमध्ये लावायचा छोटा पॉवर मीटर सोबत असावा. दुसरी जागा ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. १०५ अंशांचा लिहून ८५ अंशांचा बसवला, तर दर १० अंशांना आयुष्य निम्मं या ठोकताळ्याने तो साधारण चौथ्या हिश्श्याएवढाच टिकतो. तिसरी सांगाड्याची: ॲल्युमिनियम पातळ केलं की उष्णता बाहेर जात नाही आणि चिप लवकर मंदावते. हे पकडायला किचनमधला डिजिटल काटा पुरतो, नमुना २२५ ग्रॅमचा आणि माल १८० ग्रॅमचा असेल तर वाद उरत नाही. चौथी आणि धोक्याची जागा म्हणजे आयसोलेटेड (बाहेर जाणारी वीज मुख्य विजेपासून अलग ठेवणाऱ्या) ड्रायव्हरऐवजी नॉन-आयसोलेटेड. त्यात धातूच्या सांगाड्याला वीज लागू शकते.

हे सगळं एका तक्त्यात उतरवायचं: प्रत्येक भाग, त्याचा मेक, मॉडेल, माप, वजन, चालवून घेता येणारा फरक. प्रत्यक्ष वॅट १२, अधिक-उणे १० टक्के. मग तीन एकसारखे नमुने तीन पिशव्यांत बंद करून जोडावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक कारखान्याकडे, एक आपल्याकडे, एक तपासनीसासाठी. तक्ता नसेल तर पुढे ‘माल खराब आहे’ एवढंच म्हणता येतं, आणि त्याला ‘या भावात असाच येतो’ हे उत्तर तयार असतं.

भावाची घासाघीस एका मर्यादेपलीकडे नेऊ नये असं इथे ठामपणे सांगावंसं वाटतं. हो म्हणणारा कारखाना फरक स्वतःच्या खिशातून भरत नाही, तो मालातूनच काढतो.

दिवस चौथा: करार

करार चिनी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असावा आणि वाद झाल्यास चिनी मजकूर प्रमाण धरावा. वाचून विचित्र वाटेल, पण बजावणी चीनमध्येच करायची असते. सहीपेक्षा शिक्का महत्त्वाचा: लाल, गोल, मध्ये तारा आणि कडेने कंपनीचं पूर्ण चिनी नाव. शिक्क्यातलं नाव परवान्याशी अक्षर अक्षर ताडून पाहायचं.

परदेशी कोर्टाचा निकाल चीनमध्ये बजावून घेणं फार कठीण जातं. लवादाचा निवाडा १९५८ च्या न्यूयॉर्क कराराखाली बजावता येतो, चीन त्यात १९८७ मध्ये सामील झाला. रक्कम लहान असेल तर पुरवठादाराच्या जिल्ह्यातलं कोर्ट लिहिणं जास्त उपयोगी ठरतं, कारण निकालाआधीच त्याचं खातं गोठवण्याचा अर्ज तिथे करता येतो.

पैशांची मांडणी: ३० टक्के आगाऊ, ७० टक्के तपासणीत माल पास झाल्यावर आणि बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढवल्याच्या पावतीची) प्रत पाहून. पहिल्याच मागणीत शंभर टक्के आगाऊ मागणाऱ्याला नकार द्यावा. पुनर्तपासणीचा खर्च कुणाचा, उशिराचा दंड दर आठवड्याला किती, हे आकड्यांत लिहावं.

मोठ्या रकमेला एल/सी (बँकेचं पतपत्र) घेतली की आपण सुरक्षित, हा समज महागात पडतो. एल/सीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या, म्हणजे यूसीपी ६०० च्या, पाचव्या कलमानुसार बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. कागद अटींप्रमाणे असले की खोक्यात दगड असले तरी बँक पैसे देते. म्हणून आवश्यक कागदांच्या यादीत आपण नेमलेल्या संस्थेचं तपासणी प्रमाणपत्र घालायलाच हवं.

दिवस पाचवा: हाँगकाँग, आणि पैसे पाठवण्याची रीत

ग्वांगझू साउथहून वेगवान गाडीने वेस्ट कौलून साधारण तासाभराचं अंतर. हाँगकाँगचं इमिग्रेशन वेगळं असल्यामुळे परत चीनमध्ये येताना नवी प्रवेशनोंद लागते, व्हिसा घेतानाच याचा विचार करावा.

पुष्कळ चिनी निर्यातदार डॉलर हाँगकाँगच्या कंपनीच्या खात्यात घेतात. एवढ्यावरून ते लबाड ठरत नाहीत. पण करार मुख्य भूमीतल्या कंपनीशी आणि पैसे हाँगकाँगला, अशा वेळी माल आला नाही तर ‘आम्हाला पैसे मिळालेच नाहीत’ असं कारखाना म्हणू शकतो. उपाय दोन. हाँगकाँगच्या कंपनी निबंधकाच्या ऑनलाइन नोंदीत थोडं शुल्क भरून संचालक आणि भागधारक पाहायचे, माणसं तीच आहेत का ते कळतं. आणि चिनी कंपनीच्या शिक्क्याचं पत्र घ्यायचं: या खात्यात आलेली रक्कम आम्हालाच मिळाली असं धरलं जाईल. एखाद्या व्यक्तीच्या नावाचं खातं दिलं तर बोलणी तिथेच थांबवावीत.

सगळ्यात घातक फसवणुकीत पुरवठादार प्रामाणिक असतो. चोर त्याच्या मेलबॉक्समध्ये शिरून गप्प बसतो, वस्तू, दर, तारखा सगळं वाचतो आणि बिल निघायच्या वेळी तेच बिल फक्त खाते क्रमांक बदलून पाठवतो. ‘आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी नव्या खात्यात पाठवा.’ कधी ईमेलच्या पत्त्यात एखादं अक्षर बदललेलं असतं, कधी पत्ता अगदी खरा असतो. म्हणून खाते क्रमांक करारातच छापायचा आणि तो ईमेलवरून बदलता येणार नाही असं कलम घालायचं. तरीही बदल आलाच तर पहिल्या दिवशी हाताने घेतलेल्या क्रमांकावर व्हिडिओ कॉल करायचा. ईमेलखाली दिलेल्या क्रमांकावर कधीच नाही.

बँकेच्या स्विफ्ट कोडचं पाचवं-सहावं अक्षर देश सांगतं: सीएन म्हणजे चीन, एचके म्हणजे हाँगकाँग. चिनी कंपनीच्या बिलावर तिसऱ्याच देशाची अक्षरं असतील तर हात आवरावा. चीनमध्ये आयबॅन (आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक) वापरत नाहीत, त्यामुळे चिनी बँकेच्या नावाखाली आयबॅन दिसणं हीच धोक्याची खूण. चुकीच्या खात्यात पैसे गेलेच, तर त्याच तासाला आपल्या बँकेकडून परत मागणीचा स्विफ्ट संदेश पाठवायचा आणि पोलिसांत तक्रार नोंदवायची. पैसे खात्यातून पुढे सरकले की ते मिळण्याची आशा झपाट्याने कमी होते.

आगाऊ रक्कम पोहोचल्यावर उत्पादनाला महिनाभर किंवा जास्त लागतो. पुढचे दोन दिवस त्यानंतरचे आहेत. स्वतः जाणं जमत नसेल, तर हीच यादी आपण नेमलेल्या तपासणी संस्थेच्या हाती द्यावी.

दिवस सहावा: तपासणी

माल पूर्ण बनलेला आणि किमान ८० टक्के पॅक झालेला असेल तेव्हाच तपासणी करावी. ‘उरलेला उद्या होईल’ या मालात काय असेल ते कुणी पाहिलेलं नसतं.

नमुना तपासणीच्या आयएसओ २८५९-१ या मानकाप्रमाणे १०,००१ ते ३५,००० नगांच्या लॉटला, तपासणीच्या सामान्य पातळी २ ला, ३१५ नगांचा नमुना लागतो. मोठे दोष २.५ च्या पातळीवर (म्हणजे चालवून घ्यायचं दोषांचं प्रमाण २.५ टक्के) धरले तर १४ पर्यंत पास आणि १५ ला नापास. किरकोळ दोष ४.० ला २१ पर्यंत पास, २२ ला नापास. जिवाला धोका असणारा दोष शून्य. ४० नगांचं एक खोकं, म्हणजे ५०० खोकी. त्यांचं वर्गमूळ धरून किमान २३ खोकी उघडायची, आणि ती आपण निवडायची: तळातली, मागच्या रांगेतली, भिंतीला टेकलेली. पुढे रचून ठेवलेली थप्पी पाहुण्यांसाठी असते. आधी सगळी खोकी मोजावीत, मधे पोकळ ठेवलेली रास बाहेरून भरलेलीच दिसते.

मग बंद पिशवीतला नमुना उघडून शेजारी ठेवायचा. वजन, वॅट, इन्सुलेशनची हाय-पॉट (जास्त व्होल्टेज देऊन करायची) चाचणी, दोन दिवे फोडून कपॅसिटरवरचे आकडे. खोकं टाकून पाहायची चाचणी: पॅकिंगच्या आयएसटीए १ए या चाचणी पद्धतीप्रमाणे साडेनऊ ते एकोणीस किलोच्या खोक्याला ६१ सेंटिमीटरवरून दहा वेळा, एक कोपरा, तीन कडा, सहा पृष्ठं.

तपासनीसाला पाकीट दिलं जाणं हा या धंद्यातला खरा धोका आहे. संस्था आपण नेमावी, पैसे आपण द्यावेत, अहवाल संस्थेच्या मुख्य कार्यालयातून थेट आपल्याकडे यावा, आणि प्रत्येक मापाचा फोटो मागावा. कारखान्याकडून मिळालेला तपासणी अहवाल धरू नये.

दिवस सातवा: यांतियान

झोंगशानहून शेन्झेनला जायला आता ३० जून २०२४ ला खुला झालेला सागरी पूल-बोगदा आहे, २४ किलोमीटरचा. यांतियान शहराच्या पूर्व टोकाला. पण कंटेनर कारखान्यातच भरत असेल, तर आपली जागा आधी तिथे, बंदर नंतर.

रिकाम्या कंटेनरचा, अर्ध्या भरलेल्याचा, पूर्ण भरलेल्याचा, दार बंद केल्याचा आणि सीलचा असे पाच फोटो, प्रत्येकात कंटेनर क्रमांक दिसायला हवा. क्रमांक चार अक्षरं, सहा अंक आणि एक पडताळणी अंक असा असतो. सील आयएसओ १७७१२ चं बोल्ट सील असावं आणि त्याचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर यायला हवा.

पण सीलही पुरेसं नाही. २०२० मध्ये मर्क्युरिया या मोठ्या व्यापारी कंपनीने तुर्कस्तानातून चीनसाठी घेतलेल्या तांब्याच्या कंटेनरांत रंगवलेले फरसबंदीचे दगड निघाले. व्यवहार सुमारे ३.६ कोटी डॉलरचा होता. तपासणी झाल्यानंतर कंटेनर पुन्हा उघडून माल बदलला आणि सीलही बदललं, असं त्यात पुढे आलं. म्हणून कंटेनर बंदराच्या फाटकातून आत जाईपर्यंत कुठे कुठे थांबला हे ट्रकच्या जीपीएसवरून मागावं, आणि फाटकावर सील क्रमांक पुन्हा वाचून घ्यावा.

वजनही साक्ष देतं. १ जुलै २०१६ पासून प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन जहाज कंपनीला द्यावं लागतं. आपल्या मालाचा हिशेब सोपा आहे: ५०० खोकी, प्रत्येकी १० किलो, म्हणजे ५,००० किलो, अधिक कंटेनरचं स्वतःचं सुमारे २,२०० ते २,३०० किलो. जाहीर केलेलं वजन याच्या आसपास हवं. मात्र हे वजन पाठवणारा देतो, त्यामुळे वजनकाट्याची पावती मागावी.

बिल ऑफ लेडिंगची प्रत हाती आली की ७० टक्के पाठवण्याआधी जहाज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कंटेनर क्रमांक टाकायचा. जहाज, बंदर आणि तारीख जुळतात का? फॉरवर्डरचं (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटचं) स्वतःचं हाऊस बिल असेल, तर त्यामागचं जहाज कंपनीचं मास्टर बिल कुणाचं ते विचारावं. पाठवणाऱ्याच्या रकान्यात करारातल्या कंपनीऐवजी दुसरं नाव असेल, तर त्याचं कारण शिक्क्यासह लेखी घ्यावं. निर्यातीचा एजंट असणं हे नेहमीचं आणि पटण्यासारखं कारण आहे. मूळ प्रती सहसा तीन निघतात, तिन्ही आपल्याकडे याव्यात किंवा टेलेक्स रिलीजची (मूळ प्रतींशिवाय माल सोडण्याच्या सूचनेची) खात्री जहाज कंपनीकडून मिळावी.

माल उतरल्यावर कंटेनर उघडण्याआधी सीलचा फोटो, मग दार उघडतानाचा सलग व्हिडिओ, आणि काही कमी किंवा वेगळं निघालं तर करारात लिहिलेल्या मुदतीच्या आत चिनी भाषेतली लेखी तक्रार, परवान्यावरच्या पत्त्यावर आणि करारातल्या ईमेलवर, दोन्हीकडे.